ज्याची चूल, त्याची शाळा

पिंपळखुटी, ता. घाटंजी
१२ जुलै २००६

सौ. सुनीतीस,

इथे अनेक उत्तम आशीर्वाद लिहायचे असतात, पण सध्या तू ते घेशील असं वाटत नाही. तेव्हा नुसती खुशाली कळवतो. मी आणि तुझी लेक भैरवी बरे आहोत. माझ्या पोळ्या गाय खाते, तीही तोंडदेखलं.

मी घाटंजीच्या तहसिलीत बदली मागितली, तेव्हा साहेबांनी आधी माझा ताप पाहिला होता. आता इथे येऊन बघावं त्यांनी. बुडालेल्या कापसानं अर्धं गाव पोटासाठी पुण्याला धाडलं, आणि त्या रिकाम्या घरांत वणी-यवतमाळचे बाबू बिऱ्हाड मांडून बसलेत, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी! काही हुशारांनी नुसती खोली घेतली, कुलूप ठोकलं आणि पोरं रोज जीपनं पाठवली. म्हणून ग्रामसभेनं ठरवलं, ज्याची चूल गावात पेटेल त्याचंच पोर शाळेत. आई-बाप दोघंही इथे हवेत. सरपंचीण प्रभावतीबाई सकाळी धूर बघत फिरतात.

भैरवी वाचते गं. पाठ केलेलं नाही, समोर येईल ते. ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथं जाऊन वाचायचं, हा सत्यशीला मॅडमचा गृहपाठ. ती घरमालकीण विमलताईंना पेपर वाचून दाखवते. काल कापसाच्या भावापाशी आली, तर ताई म्हणाल्या, "ते राहू दे माय. पुढचं वाच, कोनाचं लगन-बिगन असन."

मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमची बाई कवा येऊन राह्यली?"

"तिच्या इकडच्या नोकरीचं जमतंय," मी नेहमीचंच सांगितलं.

"मले कायले सांगता? सोमवारी सभेत सांगजा."

घनश्याम, इथलाच शेतकरी, बायकोसकट पुण्याहून परत आलाय. त्याच्या नयनला वर्गात जागा हवी आहे, आणि जागा उरलेली नाही. सभेनं भैरवीची मागितली तर कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

वणीत तू शिकवतेस त्याच शाळेतून मी तुझी मुलगी काढली. स्टाफरूममध्ये तुला काय ऐकावं लागत असेल, ते मला इथवर ऐकू येतं. तरी विचारतो. घाटंजीच्या शाळेत इंग्रजीला बाई हव्या आहेत. येशील?

नाही आलीस तर सभेत खोटं बोलणार नाही. जागा सोडीन आणि तिला घेऊन वणीला येईन. मुलीला आई आणि शाळा यांतलं एक निवडायला लावण्याइतका मी अजून शिकलेलो नाही.

रविवारच्या शेवटच्या एसटीपर्यंत तुझा, आणि ती रिकामी आली तरी तुझाच,
नंदकिशोर