कुठल्याच पट्टीत न बसणारी बासरी

ती. मामांना साष्टांग नमस्कार (कागदावरच घ्या, खुर्च्या उचलून उचलून माझी कंबर गेलीये).

तुमचा गुडघा कसा आहे? मामी कशा आहेत? आणि तुमची ती बासरी हरवल्याचं भांडण मिटलं, की अजून "तूच भंगारात दिलीस" हे रोज जेवताना चालू असतं? इकडे आई मजेत. संमेलन होईपर्यंत तिने माझ्या नोकरीचा विषय बंद ठेवला होता, काल चहाबरोबर परत काढला. म्हणजे तब्येत ठणठणीत.

तर मामा, देशभरातल्या बासरीवाल्यांचं आपलं पहिलं संमेलन एकदाचं झालं. माझा प्लॅन साधा होता. बासरीवाला बिचारा गच्चीत एकटा फुंकत बसतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. अशा सगळ्यांना एका हॉलमध्ये आणायचं आणि शेवटी एक धून एकत्र वाजवायची. (हॉलवाल्या बाईंनी बजावलं होतं, हे जमलं तरच पुढच्या वर्षी हॉल देणार.) उकडू नये म्हणून मी मोठे मोठे पंखे मागवले. सगळ्यांनी बासऱ्या ओठांना लावल्या आणि आवाजच नाही, कारण फुंकर पंखाच घेऊन जात होता. पंखे बंद केले, तर घामाने बोटं सटकायला लागली. त्यात दातांचे एक डावखुरे डॉक्टर रांगेत मधोमध बसलेले. त्यांची बासरी डावीकडे, शेजारच्या शिक्षिकाबाईंची उजवीकडे, दोघांची तलवारबाजीच सुरू झाली. डॉक्टरांना रांगेच्या डाव्या टोकाला हलवलं तेव्हा कुठे शांतता झाली.

पण खरा घोटाळा पुढेच होता. मी सगळ्यांना कळवलं होतं की आपली सगळ्यात लाडकी बासरी आणा. कुठल्या पट्टीची, हे सांगायचंच राहिलं. कोणी काळी चार आणली, कोणी पांढरी पाच, आणि सगळे एकदम सुरू झाल्यावर हॉलवाल्या बाई गॅस लीक झालाय का बघायला धावत आल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले की त्यांच्या दवाखान्यात पेशंट यापेक्षा सुरात ओरडतात. मग त्यांनीच मार्ग काढला: एका पट्टीचे एकत्र बसा, आणि धून एका घोळक्याने दुसऱ्याकडे सोपवायची. काय सांगू मामा, थोड्याच वेळात पांढरी पाचवाले एकमेकांच्या डब्यात हात घालत होते, जणू लहानपणापासूनची ओळख.

उरलो आम्ही दोघं. एक मी, कारण माझी बासरी तुम्ही बनवलेली, तीही बोटाने माप घेऊन (बोट सुजलेलं असताना). ती दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळते. दुसरे एक बस ड्रायव्हरकाका. इतकी वर्षं डेपोत गाडी सुटायची वाट बघत एकटेच वाजवत आलेले, दुसरा बासरीवाला आयुष्यात भेटलेला नाही, म्हणून खास रजा काढून आले होते. ते बासरी परत मोज्यात घालायला लागले. "राहू दे रे बाळा. मी ऐकतो, ऐकण्यातही मजा आहे."

मला कसंसंच झालं. म्हटलं, काका, एकदा फुंका तरी. त्यांनी फुंकली. डिट्टो माझा सूर. ना वर, ना खाली. धून सगळीकडे फिरून शेवटी आमच्याकडे आली. पहिली ओळ आम्ही झकास वाजवली, पण दुसरीला काकांना हसू फुटलं, आणि हसत हसत बासरी वाजत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. बाकीची मी एकट्याने रेटली. बाईंनी पुढच्या वर्षीचा हॉल तिथल्या तिथे देऊन टाकला.

तुमचा लाडका (असं मी समजतो) भाचा

ता. क. काकांना ती बासरी त्यांच्या बसच्या मागच्या सीटवर सापडली होती. टोकाला मामींच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा आहे, माझ्या बासरीला आहे तोच. तेव्हा भंगाराचा विषय आता बंद करा. काका म्हणतात, मालक भेटला तर परत देणार. मालक कोण, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मामा, प्लीज, ती त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही तसल्याच बोटाने तिसरी बनवा आणि पुढच्या वर्षी या. आमच्या घोळक्यात माणसं कमी आहेत.

ता. क. २. पाकिटावर मी मामींचं नाव घातलंय. म्हणजे हे तुमच्या हातात पडेपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असेल. मनापासून शुभेच्छा.