ओळखीची गाडी

प्रिय शाझवान,

पोलीस शाळेत तुमचे फोन फक्त रविवारी हातात देतात, आणि मला जे सांगायचं आहे ते रविवारच्या आधी तुझ्यापर्यंत पोचायला हवं. शिवाय फोनवर तू "आई, जेवलीस का?" विचारलंस की माझं सगळं बळ जातं. मी बरी आहे. बाकी काही बरं नाही.

तू जाताना बजावलं होतंस, "गाडी कुणाला भाड्यानं देऊ नकोस, विमा घरगुती वापराचा आहे, कागदावर माझी सही आहे." मी मान हलवली आणि दुसऱ्याच आठवड्यात किल्ली घेऊन बोटीच्या धक्क्यावर गेले. लंकावी बेटावर कितीतरी घरच्या गाड्या अशाच चोरून भाड्यानं फिरतात, मी काय जगावेगळं केलं, अशी मनाची समजूत घातली. सगळे पढवतात तसं मीही पाहुण्यांना पढवायची: पोलिसांनी अडवलं तर म्हणा, सलमियाताईंची गाडी आहे, ओळखीच्या आहेत, फिरायला दिलीय. इंडोनेशियातल्या मेदानहून आलेला पार्लिन आणि त्याची बायको तिउर्मा यावर खूप हसली. पार्लिन म्हणाला, "चला, बेटावर उतरल्या उतरल्या बहीण मिळाली. आता जेवायलाही बोलवा." मी म्हटलं, "आधी गाडी धड परत आण, मग मासळीची आमटी खाऊ घालते."

त्याच संध्याकाळी पाडांग मात्सिरातच्या भातशेतांपाशी रेडा आडवा आला आणि गाडी नाल्यात गेली. तिउर्माला नुसतं खरचटलं. पार्लिनचा मणका मोडला. शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी विचारलं, तर एवढ्या वेदनेतही त्यानं पढवलेलंच सांगितलं. मी त्याच्या पायांशी उभी होते. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी निघण्याआधी प्रवासाचा विमा काढला होता. पिनांगच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया त्यातून लगेच झाली असती. अट एकच, गाडी भाड्यानं घेतलेली हवी आणि ती देणाऱ्याच्या सहीचा कागद हवा. उसनी गाडी चालत नाही. तिउर्मा तुझ्याच खोलीत राहते आहे, दुसरीकडे कुठे जाणार बिचारी. तिनं मला एकदाच विचारलं, "ताई, एवढा एक कागद द्याल?" मी म्हटलं, गाडी मुलाच्या नावावर आहे, त्याला पोलिसातून काढून टाकतील. ती बराच वेळ तुझा वर्दीतला फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "राहू द्या." आणि विमा कंपनीलाही तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की गाडी ओळखीची होती.

तीन आठवडे ती सकाळच्या बोटीनं पलीकडे आलोर स्तारच्या सरकारी इस्पितळात पार्लिनकडे जायची, संध्याकाळी परतायची आणि माझ्या हातचा भात खायची. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, वेळ निघून गेली. पार्लिन शाळेत मुलांना खेळ शिकवतो. तो आता कधीच उभा राहणार नाही, आणि हे माझ्यामुळे झालं. एक ओळ लिहायची होती रे, ती मी लिहिली नाही.

काल लिहिली. गाडीचा नंबर, तारीख, भाड्यानं दिली होती हेही, आणि खाली माझी सही. आता विम्याच्या पैशांतून पार्लिन निदान मेदानला घरी पोचेल. कागद हातात घेतल्यावर तिउर्मानं पहिलं विचारलं, "शाझवानला विचारलंत का?" आणि मी, या तोंडाला आता खोट्याची सवयच लागली आहे, म्हटलं, त्यानंच द्यायला सांगितलं. तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. आज सकाळी कागद विमा कंपनीकडे गेला. तिथून तो पोलिसांकडे जाईल, आणि मग तुझं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पण रविवारी चर्चमधून आल्यावर ती तुला फोन करणार आहे, तुझे आभार मानायला. तिला खरं सांगू नकोस. ती जे म्हणेल ते ऐकून घे.

तुझीच,
आई