चारीच्या शेवटचं शेत आदिनाथला

मी, सत्यशीला कल्याण तोडमल, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार खडकवाफे, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, कोणाच्याही धाकाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र करते. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा आदिनाथ याला शंका येऊ शकते.

१. माझी सर्व जमीन माझे यजमान कै. कल्याण यांनी माझ्या नावे करून दिली. सरकारच नको, असे ते जन्मभर म्हणत. पण बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढवायला तलाठ्याकडे हेलपाटे त्यांनीच घातले. त्यावरून मी त्यांना फार चिडवले, आणि त्यासाठीच माझा त्यांच्यावर फार जीव होता.

२. राहते घर मुलगी आरती व आदिनाथ यांना निम्मे-निम्मे. पाण्याच्या अर्जावर "नवऱ्याची सही आणा" असे मला सांगणाऱ्या कारकुनास माझ्या मिळकतीतून काही नाही.

३. पाटाच्या चारीच्या तोंडाशी असलेले वरचे शेत आरतीला.

४. चारीच्या शेवटाला, दगडाबाईच्या बांधाला लागून असलेले शेत आदिनाथला. हे त्याला आवडणार नाही, म्हणून कारण लिहिते.

चारीला पाणी सोडणारा सरकारी माणूस चिरीमिरी मागे, म्हणून यजमानांनी गाव जमवून त्याला हुसकावले. "मानसं शानी हायेत, आपली आपन वाटून घेतील," ते म्हणाले. एक साल खरेच गुण्यागोविंदाने गेले. पुढच्या साली पाऊस ओढला. सगळे पाणी वरच्या उसाने पिऊन घेतले आणि दगडाबाईचा कांदा जळाला. ती एकटी विधवा बाई. तिने बैठकीत विचारले, तर वरचे बागायतदार म्हणाले, "तुला न्हाई झेपायचं. शेत खंडानं दे आमाला." तेव्हा ती यजमानांना म्हणाली, "भाऊ, सरकार गेलं, पर हुकूम हायेच की." त्या दिवशी यजमान जेवले नाहीत.

मग आम्ही दोघांनी पाणीवाटपाची संस्था उभी केली. नियम एकच: पाणी आधी शेवटच्या शेताला, आणि चारीच्या दाराची किल्ली शेवटच्या शेतकऱ्याकडे. दगडाबाई आजही स्वतःच्या शेतात स्वतःच्या मर्जीने कांदा लावते.

आता आदिनाथ म्हणतो, "आई, संस्थेत बी वशिले घुसलेत. मोडूनच टाकू." वशिले घुसलेत हे खरे आहे. त्यासाठी आरती दर बैठकीत भांडते, बैठक बंद खोलीतून बाहेर लिंबाखाली घ्यायला लावते. परवा गावातल्या पोरींनी पहिल्यांदाच तिच्या बाजूने हात वर केले. ते बघून मला फार बरे वाटले.

५. आदिनाथ, तुझ्या शेताला अट एकही नाही. माणसाला मोकळे राहू द्यावे म्हणत मी आयुष्य काढले. मेल्यावर तुझ्यावर सरकार होऊन बसणार नाही. संस्था मोडलीस तरी शेत तुझेच. विनंती एवढीच, की मोडण्याआधी एका उन्हाळ्यात त्या बांधावर उभा राहा आणि वरून पाणी येण्याची वाट बघ. वर तुझी बहीण आहे, तेव्हा तू निर्धास्त असशील. दगडाबाईच्या वर कोणी बहीण नव्हती.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो माझ्या मनातलाच आहे.

सही: सत्यशीला कल्याण तोडमल

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. दगडाबाई छगन कोळसे
२. अमृत सूर्यभान गागरे

स्थळ: राहुरी
दिनांक: १२ जून २०२५