सहासष्ट नंबरचा रस्ता

सातपूर, नाशिक
१२ नोव्हेंबर २००४

चि. शैला,
आशीर्वाद.

गुडघे दुखतात म्हणून मी अमेरिकेहून महिनाभर आधी परतलो, हे तुला खोटं सांगितलं.

हेमंतरावांनी हौसेने मला शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत तो जुना सहासष्ट नंबरचा रस्ता दाखवला. १९२६ साली त्याला नंबर मिळाला, पुढे शेजारून मोठे हायवे झाले आणि १९८५ला नंबर काढून घेतला. मी इगतपुरीच्या घाटात तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम होतो, म्हणून गाडीत डांबर, खडी आणि उतार यांवरच बोलत राहिलो. तुम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि आठही दिवस तसंच चाललं.

अ‍ॅरिझोनात एका बंद पेट्रोल पंपापाशी हेमंतराव फोटो काढायला लांब गेले. तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, मी तुमच्याबरोबर नाशिकला येऊ का?"

मी म्हणालो, "रजा मिळेल का तुला?"

"नाही मिळणार," म्हणालीस आणि गाडीत जाऊन बसलीस.

तू रजेचं बोलत नव्हतीस, हे मला समजलं होतं. लोक काय म्हणतील याची भीती वाटली. नंतर तुझ्याकडे बघवेना, म्हणून निघून आलो.

हे पत्र पोचायला पंधरा दिवस लागतील आणि कदाचित आधी हेमंतरावांच्या हाती पडेल, म्हणून पाठवत नाही. रविवारी तुझा फोन आला की तोंडानेच सांगेन. शैला, घरी ये. किती दिवसांसाठी, ते मी विचारणार नाही.

तुझा बाप,
निवृत्ती