टोपल्याखालचा रस्ता

मंगळवार, संध्याकाळ

वारा सुटलाय आणि मला त्या टोपल्याची काळजी लागलीय. काळजी कसली, लाजच.

आज ग्रामसभा उरकली. वीस वर्षांनी गाव कसं पाहिजे, ते लोकांनी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं काढायचं, असा वरून आदेश. ग्रामसेवक म्हणून मीच रांगोळीचा डबा घेऊन उभा. गडीमाणसं लिंबाखाली बसून बघत राहिली. शेवटी तांड्यावरच्या जमनाबाई उठल्या. तांड्यापासून शाळेपर्यंत एक रस्ता ओढला आणि मला विचारलं, "रुंद काढू का, भाऊसाहेब? मागं सुनेला बाजेवर उचलून न्यावं लागलं. गाडी आत येत न्हाई."

मी म्हणालो, काढा. काहून म्हणालो?

गावाचा आराखडा तर मी गेल्याच आठवड्यात भरून पाठवलाय. त्यात वेशीची कमान आहे, मंदिरापुढची फरशी आहे. सरपंचांनी सांगितलं, मी लिहिलं. आज फक्त फोटो पाहिजे होता. रस्ता फोटोत छान आला.

निघताना पाहिलं, तर जमनाबाई आपलं शेतातलं टोपलं त्या रांगोळीवर पालथं घालत होत्या. एवढ्या लांब रस्त्याचं तांड्याकडचं टोक तेवढं त्याखाली मावलं.

"उद्या मोठे साहेब मोजायला येतील ना? तवर बकऱ्यांनी पुसू नये."

कुणी येणार नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. आणि म्हणालो काय, तर, "वर दगड ठेवा, मावशी. वाऱ्यानं उडेल."