एका चपलेवर नेलेलं मशीन

मी खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शिवणकाम, शिक्षण तिसरी नापास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दडपण आणू शकेल अशी एकटी लेक होती, ती उन्हाळ्यात वारली. तेव्हापासून मला भूक लागते, झोप लागते, बाकी काही लागत नाही. लोक म्हणतात रडून घ्या. आलं तर घेईन.

१. राहत्या दोन खोल्या मुलाच्या आणि सुनेच्या नावाने, निम्म्या निम्म्या. एकट्या मुलाच्या नावाने केल्या तर तो कोणाच्या तरी गोड बोलण्यावर गहाण टाकील. सून टाकू देणार नाही. तिचं माझं पटत नाही, पण खोल्या तिच्यामुळेच राहतील. बँकेत काही उरलं तर तेही दोघांचं. उरणार नाही.

२. माझ्या बऱ्याचशा वस्तू या घरात नाहीत, लोकांच्या घरात आहेत. मी वस्तू वापरायला देते, देऊन टाकत नाही. गल्लीत सगळ्यांना हे माहीत आहे, कारण न्यायला येणाऱ्याला मी डावी चप्पल इथे काढून ठेवायला लावते. वस्तू परत आली की चप्पल परत. नेलेली वस्तू माणूस विसरतो, एका पायाने अनवाणी घरी जाणं विसरत नाही.

३. पलीकडच्या मास्तरणीकडे माझी लाकडी शिडी आहे. पंखा पुसायला नेली होती. तो पंखा जाऊन दुसरा आला, शिडी तिथेच आहे आणि तिच्यावर कुंड्या मांडल्यात. मास्तरीण म्हणते, या वयात तुम्हाला शिडी कशाला हवी. आता खरंच नको. शिडी तिला. तिची हिरव्या पट्ट्याची चप्पल माझ्या खाटेखाली आहे, तीही घेऊन जावी. जोडीतली दुसरी तिने कधीच फेकली असणार.

४. धाकट्या बहिणीने माझी सोन्याची कानातली एका लग्नात घालायला नेली आणि एक फिरकी हरवून, तिथे मेण लावून परत आणली. विचारलं तर म्हणाली, "ताई, तुझे कान तरी कुठे एका रेषेत आहेत." कानातली सुनेला. बहिणीला काही नाही. तिने माझ्या मयताला जरूर यावं, पण माझ्या सुनेकडून काही मागून घालून येऊ नये.

५. माझं पायमशीन. हे सावकाश लिहिते, कारण भांडण इथेच आहे.

मशीन माझ्या जावयाच्या घरी आहे. माझे गुडघे गेले तेव्हा लेक ते न्यायला आली. मी तिलाही चप्पल काढायला लावली. ती म्हणाली, "आई, मी काय परकी आहे का?" मी म्हटलं, परकी असतीस तर मशीनला हातसुद्धा लावू दिला नसता. हातगाडीमागून एका चपलेवर हसत गेली. मी हे मुद्दाम केलं. लेकीला देऊन टाकलेली वस्तू हळूहळू नवऱ्याची होते, वापरायला दिलेली आईचीच राहते. मला हे वकिलाने शिकवलेलं नाही, माझ्या माहेरच्या पितळी भांड्यांनी शिकवलं.

आता त्या मशीनवर नात बसते. शाळांचे गणवेश शिवते, तिचं पोट त्यावर आहे. जावयाने गिऱ्हाईक आणलंय. तो हॉटेलवाला आहे, त्याला फक्त खालचा लोखंडी सांगाडा हवाय, वर काच टाकून टेबल करणार. वरचं मशीन भंगारात. नात येऊन म्हणाली, "आजी, बाबा म्हणतात ते आईचं होतं, म्हणून आता त्यांचं." आवाज चढवला नाही. सध्या आमच्यात कोणाचाच चढत नाही.

मी जावयाकडे गेले. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कागदावर तो.) तो म्हणाला, "आई, दिलेली वस्तू कोणी परत मागतं का?" मी विचारलं, मशीन आणलं त्या दिवशी ती घरी कशी आली होती? तो टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता. मग म्हणाला, एका चपलेवर.

म्हणजे त्याला माहीत होतं.

तर मशीन, सांगाडा, पट्टा, सुयांची डबी आणि बॉबिनसकट, माझ्या मागे नातीच्या मालकीचं. मी असेपर्यंत तिने ते वापरावं, चप्पल ठेवायची गरज नाही. लेकीची चप्पल खाटेखालीच आहे. झाडताना उचलते आणि त्याच जागी ठेवते. का ठेवते, माहीत नाही.

६. वकिलाने सांगितलं की ज्याला यातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. एक साक्षीदार मशीनचा मिस्त्री. जावयाला मी काहीच ठेवलेलं नाही, म्हणून दुसरा म्हणून त्यालाच बोलावलंय.

इथून पुढचं तो समोर बसलेला असताना लिहिते. त्याने सगळं वाचलं. पाचवं कलम परत वाचलं. म्हणाला, सही नाही केली तर? मी म्हटलं, नका करू, मिस्त्री दुसरं कोणी शोधून आणेल. पण का नाही केली ते तुमच्या मुलीला तुम्ही सांगा. नात दारातच उभी आहे.

तो दाराकडे न बघता म्हणाला, "आई, मशीन सुरू झालं की मला वाटतं तीच आत बसलीय. म्हणून घरातून काढायचं होतं."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कलम हेच लिहिलं असतं. मी म्हटलं, "मग दार ओढून घ्या. मशीन चालू राहील."

दोघा साक्षीदारांच्या देखत मी सही करते.

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली.
तारीख: मिस्त्रीने घातली आहे. माझं वर्ष चुकतं, त्यावरून कोणी डोकं फिरलं म्हणू नये.

साक्षीदार पहिला: मशीनला तेलपाणी करणारा मिस्त्री. (सही)
साक्षीदार दुसरा: जावई. पेन दोनदा झटकला, पेन चालत होता. (सही)