सुरेल नाही, गोड

३ नोव्हेंबर

आज पुन्हा "गोड"! तालमीत, सगळ्यांसमोर. माझं कडवं संपलं, धाकटी म्हणाली, "ताई, गोड झालं," आणि पान उलटून पुढे गेली.

गोड? मी काय साखर आहे? इतकी वर्षं तिच्या तोंडून माझ्यासाठी एकच शब्द निघायचा — सुरेल.

५ नोव्हेंबर

उगाच शब्दाला चिकटून बसलेय असं नाही. बाबा शाळेत गाणं शिकवायचे. आम्हा दोघींना सांगायचे, "आवाज गोड असतो, तो जन्मतः मिळतो. गाणं सुरेल असतं — सूर नेमका लागला तरच म्हणायचं. वाटत फिरायचं नाही."

धाकटीने तो शब्द कधीच वाटला नाही. गायनवृंद तिच्या हातात आल्यापासून तर मुळीच नाही. आज मात्र दिला! दातांच्या दवाखान्यातली ती नवी नर्स, मागच्या रांगेतली. तिला म्हणाली, "सुरेल!" माझ्याकडे न बघता.

८ नोव्हेंबर

तालीम संपल्यावर धाकटीने नर्सला थांबवून घेतलं. मी जिन्यात उभी राहिले. ऐकू आलं ते माझंच कडवं! नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनात मी एकटीने गायचं, ते!

आता कळलं पाणी कुठे मुरतंय.

९ नोव्हेंबर

यांना सांगितलं. म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच." पण कप विसळत पाठमोरेच राहिले. एक कप किती वेळ विसळतात?

१२ नोव्हेंबर

पियानोचा सूर उतरलाय. माझी खात्री आहे. मी स्पष्ट सांगितलं, सगळ्यांच्या माना खाली! धाकटीने सूर लावणाऱ्याला बोलावलं. त्याने एकेक पट्टी वाजवून पाहिली. "बाई, चोख आहे."

चोख! म्हणजे हाही सामील. मुद्दाम खाली उतरवून ठेवलाय, मी चुकावी म्हणून. धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. लहानपणी काही लपवायचं असलं की अश्शीच बघायची.

१६ नोव्हेंबर

हे गॅलरीत फोनवर. "तूच सांग तिला. माझ्याने नाही होणार." मी गेले तर फोन खिशात.

"कोण होतं?"

"ऑफिसातलं."

रविवारी! माझा नवरा आणि माझी सख्खी बहीण. कुणाकुणावर नजर ठेवू?

१७ नोव्हेंबर

सरळ तिच्या घरी गेले. कांदा चिरत होती.

"कडवं काढून घ्यायचंय ना? तोंडावर सांग की."

तिने सुरी खाली ठेवली. "ताई, किती दिवस सांगायचं म्हणतेय. तू वर जातेस."

"वर?"

"सुराच्या वर. थोडीच. पण सगळ्यांना कळतंय गं. तुलाच कळत नाहीये."

"म्हणून गोड?"

"आवाज गोडच आहे तुझा. तेवढं तरी खरं बोलता येत होतं मला."

डोळे भरले होते तिचे. कांद्याने! मी म्हटलं, "ती नर्स तुझी लाडकी, कबूल कर." दार आपटून आले.

बाबांनी शिकवलेला सूर माझा चुकेल? माझा?

१८ नोव्हेंबर

यांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मला न विचारता! जाणार आहे. कान ठणठणीत आहेत हे एकदा कागदावर येऊ दे, मग बघते एकेकाकडे.

२० नोव्हेंबर

डॉक्टरांनी सूर देणारा एक लोखंडी चिमटा टेबलावर हलकेच आपटला, उजव्या कानाशी धरला. स्वच्छ सूर. मग डाव्या कानाशी.

मी म्हटलं, "हा दुसरा आहे. हा खालचा."

त्यांनी पुन्हा वाजवला. उजवीकडे, डावीकडे. मी हाताकडे बघत राहिले. चिमटा एकच होता.

बाहेर बाकावर धाकटी बसली होती. तिच्या शेजारी टेकले. ती माझ्या डाव्या कानाशी हळूच काहीतरी बोलली. मी तिला उठवलं, उजवीकडे बसवलं.

"हं. आता परत सांग."